काटापूजनाच्या दिवशीचा सत्कार

आमच्या खोलीवर पाटी नव्हती. जुन्या जकात नाक्याच्या मागे, खताच्या गोदामाला लागून ती होती, आणि संध्याकाळी तिथे पोरं कॅरम खेळायला जमतात असा आजूबाजूच्यांचा समज होता. कॅरम होताही. खोली चालवणाऱ्या बाई पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. पाटी लावायची नाही हा नियम त्यांचा. "पाटी वाचून आत आलेला पोट्टा मी अजून पाह्यला नाही," असं त्या म्हणायच्या.

मी तिथे कामाला लागले ती इंग्रजीमुळे. मुंबईच्या एका संस्थेकडून खोलीला पैसे यायचे आणि संस्थेला इंग्रजीतून अहवाल लागायचे. माझी शाळा यवतमाळला, इंग्रजी माध्यमाची, हॉस्टेलवर राहून झालेली. घरी आम्ही हिंदी-उर्दू बोलतो. मराठी माझ्याकडे आली ती पुस्तकातून आणि खिडकीतून. खोलीत सगळे वऱ्हाडी बोलायचे. मला सगळं कळायचं, पण मी तोंड उघडलं की पाठ्यपुस्तक बाहेर पडायचं. "ऐका रे, मॅडम बातम्या देऊन राह्यल्या," असं एकदा एकजण म्हणाला आणि सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. तरी त्यानंतर मी फारसं बोलले नाही. कोपऱ्यात बसून लिहीत राहिले.

ती बोंडअळीची वर्षं होती. बोंडं बाहेरून हिरवी, धड दिसायची. फोडली की आत काळी पडलेली सरकी आणि गुलाबी अळी. दोन वेचण्यांत शेत संपायचं. मजुरीला जाणाऱ्या घरांमधली पोरं दिवाळीनंतर मोकळी व्हायची आणि बसस्टँडच्या मागे जमायची. खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, सगळेच खात. त्याला कोणी व्यसन म्हणत नसे. दारू मोठ्यांची. लहानांना परवडायचं ते सोल्युशन, म्हणजे पंक्चर काढायच्या दुकानातला तो पिवळट चीक. तो रुमालावर ओतायचा, रुमाल मुठीत दाबायचा, मूठ नाकाशी न्यायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोराला सर्दी झाली आहे.

खोलीत जे चालायचं ते सांगायला सोपं आहे, अहवालात लिहायला मात्र मला फार जड जायचं. सतरंजी पसरायची, गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपला दिवस कसा गेला ते सांगायचं. कोणी उपदेश करायचा नाही, कोणी शाबासकी द्यायची नाही. ज्यानं त्या दिवशी घेतलं असेल त्यानं "आज घेतलं" म्हणायचं, आणि पुढच्यानं बोलायला लागायचं. मधूनमधून यवतमाळहून डॉक्टर यायचे. बाकी वेळ सिस्टर घरोघर हिंडायच्या, ओट्यावर बसून शेंगा सोलू लागायच्या आणि आईला हळूच विचारायच्या, पोरगं जेवते का धड.

या सगळ्यांत एकजण वयानं थोडा मोठा होता. एकोणीस-वीसचा असेल. लहानपणीच पंक्चरच्या दुकानात कामाला लागला होता आणि तिथूनच त्याचं सुरू झालं होतं. मी आले तेव्हा तो सुटलेला होता, म्हणजे मागच्या पोळ्याच्या आधीपासून त्यानं हात लावला नव्हता. तो जिनिंगमध्ये काम करायचा, जिथे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधतात त्या प्रेसवर. संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर, कानांच्या कडांवर रुई असायची. पोरं त्याला म्हातारबुवा म्हणायची. तो सतरंजीवर बसला की बहुतेक वेळा एकच सांगायचा: "हात चालू राह्यले का डोकं गप राह्यते. हात थांबले का ते बोलाले लागते."

ते काम त्याला मिळालं होतं ते न सांगितल्यामुळे. जिनिंगवाल्यांना आगीची फार धास्ती असते. रुईचा ढीग पेटला की कोणाचं काही चालत नाही. म्हणून गेटवर मुकादम प्रत्येकाचे खिसे चाचपतो. काडीपेटी, विडी, लायटर काही सापडलं की तो माणूस तिथूनच परत. सोल्युशनवाल्या पोराला तर आत उभंही केलं नसतं. त्या चिकाला ठिणगीही लागत नाही, नुसती ऊब पुरते असं तिथे सगळे मानत. तेव्हा तो आमच्याकडे कॅरम खेळायला येतो, एवढंच जिनिंगमध्ये माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांना खरं माहीत होतं आणि कोणी कधी बाहेर बोललं नाही. घरात भांडी फोडणारी पोरं होती ती, पण हे त्यांनी सांभाळलं.

मग मुंबईच्या संस्थेचा प्रकल्प संपला. संपणारच होता, कागदावर तसं होतंच. मी शेवटचा अहवाल लिहिला आणि त्यांचं आभाराचं उत्तर आलं. खोलीचं भाडं, डॉक्टरांचं जाणं-येणं, औषधं आणि सिस्टरांचं थोडंसं मानधन, एवढ्यावर ते चालत होतं. तेही कुठून आणायचं हा प्रश्न उभा राहिला. पंचायत समितीत आम्ही गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आरोग्यात येते का समाजकल्याणात?" दोन्हीकडे गेलो. दोन्हीकडे ते दुसऱ्याकडे येत होतं.

राहिला धर्मादा. आमच्याकडे कापसाचं माप झालं की व्यापारी शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून थोडी कपात करतात, तिला धर्मादा म्हणतात. ती रक्कम व्यापाऱ्यांच्या समितीकडे जमते आणि मंदिर, गोरक्षण, भंडारा यांना वाटली जाते. कापूस कमी आला की धर्मादाही कमी जमतो, आणि त्या वर्षांत कापूस कमीच येत होता. सिस्टर म्हणाल्या, विचारायला काय जाते. मी त्यांच्यासोबत गेले.

समितीचे अध्यक्ष ज्यांना गावात नुसतं शेठ म्हणत, ते जिनिंगचे मालक होते. तो पोरगा ज्या जिनिंगमध्ये होता, त्याच. पेढीवर पांढऱ्या गादीवर पाच-सहा जण लोडाला टेकून बसले होते. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी सिस्टरांची तब्येत विचारली, माझ्याकडे बघून "ही पोरगी कोणाची?" विचारलं आणि अब्बांचं नाव सांगताच मान डोलावली. मग म्हणाले, "सिस्टर, मंदिराले देल्लं तं कळस दिसते. गोरक्षणाले देल्लं तं गाय दिसते. तुमच्या खोलीत काय दिसते?"

"कॅरम," कोपऱ्यातून एकजण म्हणाला. सगळे हसले.

"पोट्टे संध्याकाळी घरी दिसतात," सिस्टर म्हणाल्या.

"त्यायच्या मायले दिसत असन. आमाले दिसाले पाह्यजे ना बाप्पा. आम्ही दुसऱ्याचा पैसा वाटून राह्यलो." मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करा. एक सुधारलेला पोट्टा द्या. काटापूजनाले मंचावर त्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, हार. चार गावचे लोक पाह्यतीन. मंग मी समितीत छाती ठोकून सांगतो, का पैसा सत्कारणी लागून राह्यला."

"असा कोणी नाही, शेठ," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे? एवढे वर्षं केलं काय मंग?"

आहे म्हटलं तर दाखवावा लागत होता, नाही म्हटलं तर खोली कशाला हवी. शेठनी आम्हाला विचार करायला वेळ दिला. निघताना त्यांनी माझ्या हातात प्रसादाची पुडी ठेवली.

गावात अशी गोष्ट राहत नाही. संध्याकाळी आम्ही सतरंजी पसरली तेव्हा पोरांना सगळं माहीत होतं. त्या दिवशी कोणी आपल्या दिवसाबद्दल बोललं नाही.

"खोली बंद होईन काय, सिस्टर?"

"पाहू."

"पाहू म्हणजे होईन."

तेव्हा म्हातारबुवा म्हणाला, "मी जातो ना सत्काराले."

"तू शाल घेऊन करशीन काय? तुह्या अंगावर तं रुईच गोधडीसारखी बसून राह्यते."

"माय पांघरन."

"अन्‌ नारळ?"

"तो तुह्या डोक्यावर फोडतो."

हसणं थांबल्यावर सिस्टर म्हणाल्या, "गेटवर माहीत पडलं तं?"

"शेठ सोता हार घालून राह्यले, सिस्टर. मालकानंच गळ्यात हार घातला, मंग मुकादमाची काय हिंमत मले काढाची? उलट आता लपून राह्याचं काम नाही. रोज भेव वाटते मले गेटवर. कोनी सांगन काय, कोनी सांगन काय."

हे बोलणं खोलीत सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. शेठ म्हणजे जिनिंग. शेठनी सर्वांसमोर मान दिला की तो मान गेटवरही चालणार, यात कोणाला काही शंका येण्यासारखं नव्हतं. सिस्टर दोन दिवस तयार नव्हत्या. त्यांनी त्याच्या आईशी बोलून पाहिलं. आई म्हणाली, "आमच्या घरात कोनाचा सत्कार झाला नाही आजपावतर." सिस्टरांनी शेठला एकच अट घातली, की पोराचं नाव घ्यायचं नाही. शेठनी शब्द दिला.

काटापूजन म्हणजे आमच्याकडे खरेदीचा पहिला दिवस. जिनिंगच्या आवारात मांडव होता, वजनकाट्याला झेंडूचं तोरण होतं. कापूस भरलेल्या बैलबंड्या आणि मेटाडोर रस्त्यापर्यंत उभे होते, दरवर्षीपेक्षा कमी, असं लोक म्हणत होते. पहिली बंडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं दिलं, काट्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी आवाज बदलला.

शेठनी शब्द पाळला. नाव कोणी घेतलं नाही. बाकी सगळं सांगितलं. हा युवक कोवळ्या वयात सोल्युशनसारख्या विषाच्या आहारी गेला होता, आईचा पितळी हंडा मोडीत विकला होता, बसस्टँडमागच्या नालीत पडलेला असायचा, आणि आज पाहा, जकात नाक्यामागच्या खोलीत सुधारून याच जिनिंगमध्ये घाम गाळतो आहे. गुरुजींनी हे कुठून मिळवलं मला माहीत नाही. सगळं खरं होतं. तो धुतलेल्या पांढऱ्या शर्टात उभा होता, आणि "याच जिनिंगमध्ये" म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा मान वर करून गेटकडे पाहिलं. शेठनी हार घातला, शाल पांघरली आणि त्याला मिठी मारली. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी जवळून पाहिलं आणि ते खोटं नव्हतं.

"शेठ, आमचाही करा ना सत्कार," मागून कोणी तरी ओरडलं. "आज सकाळपासून घेतली नाही!"

"अबे, आता तं बारा वाजले!"

मांडव हसला. तोही हसला. त्याची आई बायकांमध्ये बसली होती. ती टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या बाजूची बाई हळूच सरकून पुढच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं त्याला गेटवर थांबवलं. खिसे तपासले नाहीत, हात लावला नाही. म्हणाला, "शेठनं शाल देल्ली ते मंचावर. इथं आग लागली तं शेठ नाही येत, मलेच धरतात. तू पेटवशीन असं नाही म्हणत मी. पण पेटलं तं सगळे तुह्याच नावानं बोंब मारतीन. जाय, भाऊ."

आम्ही शेठकडे गेलो. पेढीवर या खेपेला गर्दी होती, खरेदी सुरू झाली होती. शेठनी ऐकलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. "मुकादमाच्या कामात मी बोलत नाही, सिस्टर. आजवर बोललो नाही. विम्याचे लोक येतात, ते त्याले इचारतात." मग थोडं दुखावून म्हणाले, "सत्कार तं मी मनापासून केला ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"मंग? तो मान राह्यलाच ना त्याचा."

बाहेर आल्यावर सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. एक बंडी गेली, मग दुसरी.

पैसे मात्र मिळाले. समितीनं त्या हंगामासाठी खोलीला धर्मादा मंजूर केला आणि वर प्लास्टिकच्या खुर्च्या भेट दिल्या. खुर्च्यांच्या पाठीवर समितीचं नाव लाल रंगात लिहिलेलं होतं. भाडं भरलं, डॉक्टरांना निरोप गेला. मी पहिल्यांदाच मराठीत अहवाल लिहिला.

आणि पोरं येईनाशी झाली. आधी तिघं-चौघं आली नाहीत, मग बाकीचीही. सिस्टर घरी गेल्या की आया ओट्यावर बसवून घेत, पाणी देत आणि विषय बदलत. एकीनं स्पष्ट विचारलं, "बाई, सत्कार तं नाही ना करनार? आमच्या पोरीची सोयरीक चालू हाये." सिस्टरांनी शपथ घेतली. त्या बाईनं मान हलवली, पण पोरगा आला नाही. कॅरम खेळायला जातो असं सांगायची सोय आता उरली नव्हती. ती खोली कशाची आहे हे गुरुजींचं माइकवरून सांगून झालं होतं.

तो मात्र पहिले काही दिवस यायचा. पापण्यांवर रुई नसलेला त्याचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. काम शोधतो आहे म्हणायचा. हॉटेलात गेलतो, वीटभट्टीवर गेलतो, बाभुळगावच्या बाजूला एका जिनिंगमध्येही गेलतो. तिथल्या गेटवरचा माणूस म्हणाला, "तूच ना तो शालवाला?"

मी अब्बांना विचारलं. अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतात. घरी मी कोणासाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे अब्बा माझ्याकडे जरा वेळ पाहतच राहिले. मग म्हणाले, "भेज दे. हाथ सीधा है तो सिखा दूंगा."

तो सकाळी आला. मी त्या वेळी दुकानात डबा द्यायला गेले होते. अब्बांनी नुकतंच एका मोटारीच्या गुंडाळीवर वार्निश ओतलं होतं, आणि थिनरचा डबा उघडा होता. आम्हाला त्या वासाची इतकी सवय आहे की तो वास आहे हेच आम्हाला जाणवत नाही. तो पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

"आ जा बेटा, अंदर आ जा," अब्बा म्हणाले.

त्यानं नाकावर हात धरला. मग हात काढला आणि एकदा खोल श्वास घेतला, अगदी मुद्दाम घेतल्यासारखा. "नाही चाचा," तो म्हणाला. "इथं नाही जमनार मले."

"क्यूं? काम कठिन नहीं है."

"काम नाही, चाचा." पाय खाली घेऊन तो मागे सरकला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमी सांगा यायले." आणि निघून गेला. मी अब्बांना सांगितलं. अब्बांनी थिनरच्या डब्याला झाकण लावलं आणि ते खुंटीसारखे तिथेच उभे राहिले. "हमको तो बू आती ही नहीं," ते म्हणाले.

त्यानंतर तो बरेच दिवस दिसला नाही. सिस्टर आणि मी रोज खोली उघडत होतो. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. हंगाम लवकरच आटोपत आला. जिनिंगचा भोंगा आठवड्यातून काही दिवसच व्हायचा.

एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला. डोळे लाल होते, ओठांच्या कडेला फोड आले होते, आणि शर्टाला तो वास होता. त्यानं खोलीभर पाहिलं.

"बाकीचे कुठं गेले?"

"येत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"कोनीच?"

"कोनीच नाही."

त्याला ते समजायला वेळ लागला. मग तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता भिंतीला टेकला. "म्हणजे माह्या एकट्यासाठी ठेवली होय खोली?"

सिस्टरांनी सतरंजी काढली. ती पसरायला चार हात लागतात, म्हणून मी दुसरं टोक धरलं. आम्ही तिघं बसलो. तो म्हणाला, "आज घेतलं." नियमाप्रमाणे त्यावर कोणी काही बोललं नाही. बाहेर मारेगावकडून येणारी बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. बराच वेळ झाल्यावर त्यानं विचारलं, "उद्या उघडी राह्यीन काय?"

"राह्यीन," सिस्टर म्हणाल्या. "हंगाम संपेपावतर राह्यीन."

"संपलाच ना तो," तो म्हणाला.